नाव सांगणारी हाक

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. आपल्यासाठी विमान म्हणजे चिखली-मेहकरकडच्या शेतातून वर दिसणारी पांढरी रेघ. पण त्या विमानात, बहुतेक वेळा शेपटीकडे, एक छोटा डबा असतो. त्याला ईएलटी म्हणतात. विमान आपटलं की धक्क्याने तो आपोआप चालू होतो आणि रेडिओवरून हाक मारायला लागतो. आज त्या हाकेची गोष्ट.

७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. सिडनीहून रोमला निघालेलं अलितालियाचं डीसी-८ बँकॉकहून मुंबईत उतरायला येत होतं. ते जुन्नरच्या डोंगरात आदळलं आणि सगळे ९४ जण गेले. डबा असता तरी कुणी वाचलं नसतं, हे खरं. पण पावसाळ्यातल्या सह्याद्रीत, अंधारात, शोधायचं कुठे? असा डबा विमानात हवाच, असा नियम तेव्हा नव्हता.

नियमाकडे नेणारी घटना मला जास्त बोचते. मार्च १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डोंगरात एक छोटं विमान पडलं. आई आणि मुलगी जवळपास दोन महिने जिवंत होत्या. मुलगी डायरी लिहीत होती. अवशेष सापडले ते थेट ऑक्टोबरमध्ये! १९७० मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि छोट्या विमानांतही हा डबा सक्तीचा झाला.

पण जुना डबा १२१.५ मेगाहर्ट्झवर नुसता ओरडायचा. कोण ओरडतंय, ते कळायचं नाही. त्यात खोटे इशारेच जास्त. पिझ्झाच्या भट्ट्या आणि एटीएम मशीनसुद्धा त्याच लहरींवर गोंगाट करायच्या, बोला आता!

यावर तोडगा निघाला ४०६ मेगाहर्ट्झचा डिजिटल डबा. त्याला नाव असतं: १५ अक्षरी कोड. ० ते ९ आकडे आणि ए ते एफ अक्षरं, बस. त्यात देशाचा क्रमांक असतो, भारताचा ४१९. पुढे विमानाची ओळख. सोव्हिएत संघ, अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्सने उभारलेल्या कॉस्पस-सारसॅटचे उपग्रह ही हाक ऐकतात. आपल्याकडे बेंगळुरू आणि लखनौला जमिनीवरची केंद्रं आहेत. इशारा बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात येतो. कोड नोंदवलेला असेल तर मालकाला लगेच फोन जातो, आणि हँगरमध्ये चुकून बटण दाबलं गेलं असेल तर प्रकरण तिथेच मिटतं.

खरी गोम पुढे आहे. विमान विकलं, दुसऱ्या देशात गेलं, नोंदणी क्रमांक बदलला, की तंत्रज्ञाने डब्यात नवा कोड भरायचा असतो. जुन्या सिमकार्डसारखंच समजा. तो बदलला नाही, तर अपघात होतो इथे आणि इशारा जातो जुन्या देशाकडे, जुन्या मालकाच्या नावाने. इकडे माणसं थंडीत कुडकुडत असतात आणि तिकडे कुणीतरी फोनवर सांगत असतो, 'अहो, ते विमान मी कधीच विकलं!'

१ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ ऐकणंच बंद केलं. तरी ३ जून २०१९ ला जोरहाटहून मेचुकाला निघालेलं आपल्या हवाई दलाचं एएन-३२ बेपत्ता झालं, तेव्हा त्यात जुन्याच पद्धतीचा डबा होता, असं बातम्यांत आलं. विमानात १३ जण होते. अवशेष दिसले ११ जूनला.