पुशरॉड, बोरी आणि एक मिलिमीटर



दिवाळीत गावी जाऊन आलो. गाव म्हणजे बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. (ऑफिसात सांगितलं की समोरचा हमखास "बोरिवली का?" म्हणतो. नाही हो, नुसतं बोरी!) शेतातल्या इंजिनाच्या खोलीत जाळी-जळमटं काढताना फळीवर एक फडक्याची पुरचुंडी सापडली. आत दोन लोखंडी कांड्या, तेल लावून नीट गुंडाळून ठेवलेल्या. बाबांना विचारलं, "हे काय?" ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिथंच." बस्स.

त्या दोन कांड्यांवरून हा लेख. तुम्ही म्हणाल दोन कांड्यांवर काय लिहिणार? पण आधी थोडी पार्श्वभूमी.

ती कांडी म्हणजे पुशरॉड. इंजिनात हवा आत घेणारा एक वाल्व आणि धूर बाहेर टाकणारा एक, असे दोन वाल्व वर हेडमध्ये असतात. ते कधी उघडायचे हे ठरवणारा कॅमशाफ्ट मात्र खाली, क्रॅंकच्या शेजारी. खालचा निरोप वर पोचवायचा कसा? कॅमचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड वरच्या रॉकरचं एक टोक उचलतो आणि रॉकरचं दुसरं टोक सी-सॉसारखं खाली येऊन वाल्व दाबतं. म्हणजे पुशरॉड हा बिचारा नुसता पोस्टमन. स्वतःचं काहीच सांगत नाही. पण त्याची उंची चुकली की सगळी पत्रं चुकीच्या वेळी!

पहिल्या इंजिनांमध्ये वाल्व सिलिंडरच्या बाजूला असत. ते सोपं आणि स्वस्त पडायचं, पण हवेला वळसे घ्यावे लागत. अमेरिकेत डेव्हिड ब्यूक आणि त्याच्या साथीदारांनी १९०४ च्या सुमारास वाल्व डोक्यावर नेलेली मोटार बाजारात आणली. इंजिन जास्त जोर देऊ लागलं, आणि त्याबरोबर पुशरॉड नावाची कटकटही आली. पुढे डिझेल इंजिनं आली. तिथे तर वाल्व डोक्यावर हवेच, कारण डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. तेवढी हवा दाबायची तर वरची जागा अगदी आटोपशीर लागते.

आता आपल्याकडे येऊ. विहिरीचं पाणी शेकडो वर्षं मोटेने निघालं. बैल, नाडा, सोंदूर, धाव. आमचे आबा (आजोबा) लहानपणी मोट हाकायचे. तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य संपलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९४६ मध्ये, पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली होती. नंतर लोखंडी नांगर, मग १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी, हे आपण सगळ्यांनी शाळेत वाचलंय. इंजिनांचं मनावर घेतलं ते त्यांच्या मुलाने, शंतनुरावांनी. हे १९२६ चे एमआयटीचे इंजिनियर. (आपण कॅम्पस इंटरव्ह्यूचं कौतुक सांगतो, हे गृहस्थ शंभर वर्षांपूर्वी बोटीने जाऊन शिकून आले!)

त्याही आधी साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिनं बनू लागली होती. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. कारखानदार, राजकारणी आणि डिझेल इंजिन, हे कॉम्बिनेशन महाराष्ट्राला तेव्हापासून माहीत आहे म्हणायचं.

किर्लोस्करांचं जे इंजिन खेडोपाडी पोचलं ते 'एव्ही-वन'. मूळ आराखडा इंग्लंडच्या पेटर कंपनीचा. एकच सिलिंडर, व्यास ८० मि.मी., स्ट्रोक ११० मि.मी., मिनिटाला १५०० फेरे, ५ हॉर्सपॉवर. त्याचाच थोरला भाऊ 'टीव्ही-वन', व्यास ८७.५ मि.मी. माझ्यासारखा ज्याने ज्याने मेकॅनिकल केलंय त्याने हा आकडा पाठ केलेला असतो, कारण कॉलेजच्या लॅबमध्ये हेच इंजिन उभं असतं. बायोडिझेलवरचे निम्मे भारतीय प्रबंध याच्याच धुरावर निघालेत. (हो, मी मेकॅनिकल करून आयटीत आलो. हसू नका, तुमच्या टीममध्येही चार आहेत.)

आमच्या आबांनी १९७२ च्या दुष्काळानंतर कर्ज काढून इंजिन घेतलं. मोट बंद झाली. येलदरीचं धरण आमच्याच तालुक्यात आहे, पण कालव्याचं पाणी आमच्या शेतापर्यंत येत नाही. त्यामुळे विहीर आणि इंजिन हेच सगळं. आबा इंजिनाला कुणालाही हात लावू देत नसत. दसऱ्याला आधी त्याची पूजा, मग बैलांची.

आता पुरचुंडीची गोष्ट.

२००९ चा हिवाळा. मी सहावीत. गहू ओंबीवर आलेला आणि इंजिनाचं हेड गॅस्केट उडालं. आबा आजारी होते म्हणून बाबा हेड घेऊन गेले, एका वर्कशॉपमध्ये फेसिंग करून आणलं. म्हणजे हेडचा तळ मशीनवर थोडा तासून सपाट केला. "बरोबरच पुशरॉडबी नवे टाका, स्वस्तात हायेत," असं तिथे सांगितलं. बाबांनी टाकले. इंजिन पहिल्या हँडलला सुरू! घरात आनंदीआनंद.

अर्ध्या तासात बंद.

थंड झाल्यावर पुन्हा सुरू. पुन्हा अर्ध्या तासात बंद. मग सुरू झाली आमच्याकडची नेहमीची डिबगिंग. नोझल बदलला, फिल्टर बदलला, डिझेल पंप खोलला. डिझेलमध्ये भेसळ आहे म्हणून कॅन बदलला. विहिरीवर तेव्हा विजेचं कनेक्शन नव्हतं. नऊ दिवस गेले. गव्हाची पानं दुपारी वळायला लागली. आबा खाटेवरून एकच वाक्य म्हणायचे, "पस्तीस वर्षं चाललं, तुझा हात लागला आन् बसलं." बाबा काही बोलायचे नाहीत.

दहाव्या दिवशी शेजारच्या गावचे एक म्हातारे मिस्तरी आले. त्यांनी नोझलकडे बघितलंही नाही. वरचं झाकण काढलं आणि रॉकर हाताने हलवून पाहिला. मग म्हणाले, "जुने रॉड कुठंयत?" मी धावत जाऊन भंगाराच्या डब्यातून आणले. त्यांनी देवघरातल्या तसबिरीची काच मागितली. आधी जुने रॉड काचेवर लोळवले, वाकलेत का बघायला. सरळ होते. मग जुना आणि नवा शेजारी उभे धरले आणि वरून बोटाचं नख फिरवलं. नख अडकलं. नवा लांब होता.

तेव्हा मला काही कळलं नव्हतं. आज कळतं ते असं. रॉकर आणि वाल्व यांच्यात थोडी फट लागते, कारण इंजिन तापलं की वाल्वची दांडी लांबते. हेड तासलं म्हणजे हेड, आणि त्याच्यावरचा रॉकर, तेवढाच कॅमच्या जवळ आला. पुशरॉड मात्र तेवढाच राहिला, म्हणजे हिशोबाने लांब झाला. त्यात नवा रॉड मुळातच लांब. फट जुळवायचा स्क्रू शेवटपर्यंत मागे घेतला तरी फट उरली कागदाएवढी. थंडीत ठीक. तापल्यावर तीही संपली, वाल्व पूर्ण मिटेना, दाबलेली हवा निसटली. डिझेल पेटायला दाब तर हवा! टीव्ही-वनमध्ये हवा साडेसतराव्या भागात कोंबतात. तिथे केसाएवढी गळतीही चालत नाही. इंजिन बंद. थंड झालं की फट परत, इंजिन सुरू.

मिस्तरींनी जुने रॉड बसवले, पोस्टकार्डाचा तुकडा घालून फट जुळवली. इंजिन रात्रभर चाललं. गहू मात्र निम्म्यावर आला. त्या वर्षी म्हैस विकली.

आता गंमत बघा. जे काम मिस्तरींनी तसबिरीच्या काचेवर केलं, तेच काम जगात रेसिंग इंजिन बांधणारे लोक भक्तिभावाने करतात. अमेरिकेत १९३० च्या दशकात पोरं कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तळ्यांवर गाड्या पळवायची. त्यांची लाडकी फोर्डची १९३२ ची व्ही-एट बाजूच्या वाल्वची होती, म्हणजे पुशरॉडची भानगडच नव्हती. १९५५ मध्ये शेवरोलेची २६५ घनइंची व्ही-एट आली, डोक्यावर वाल्व असलेली, आणि सगळे तिच्यामागे लागले. कॅम बदल, हेड तास, पातळ गॅस्केट टाक. यातल्या प्रत्येक बदलाने पुशरॉडची योग्य लांबी बदलते. हे कळायला बऱ्याच जणांची इंजिनं खर्ची पडली.

म्हणून मग पद्धत बसली. लांबी कमी-जास्त करता येणारा एक तपासणीचा पुशरॉड घ्यायचा. वाल्वची नेहमीची दणकट स्प्रिंग काढून हलकी लावायची. वाल्वच्या टोकाला मार्करची शाई लावायची आणि इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं. रॉकर जिथे घासला तिथली शाई निघते. तो पट्टा टोकाच्या मधोमध आणि शक्य तितका अरुंद आला पाहिजे. रुंद किंवा कडेला आला तर रॉकर वाल्वला खाली दाबण्याबरोबर बाजूलाही ढकलतोय, आणि वाल्वचं गाईड लवकर झिजणार. लांबी बदलायची, पुन्हा शाई, पुन्हा दोन फेरे. मनासारखा पट्टा आला की ती लांबी मोजून तेवढा रॉड मागवायचा. शेवरोलेचा मूळ रॉड सुमारे ७.८ इंचांचा, आणि बाजारात ०.०५० इंचांच्या टप्प्याने मिळतात. म्हणजे सव्वा मिलिमीटरसुद्धा मोठी गोष्ट.

एक फरक सांगायला हवा. त्या इंजिनात रॉकर एका खिळीवर वर-खाली बसतो, त्यामुळे रॉडच्या लांबीवर त्याचा कोनही ठरतो. आमच्या इंजिनात रॉकरचा टेकू हेडवर पक्का आहे. तिथे प्रश्न फक्त फटीचा. पण मूळ नियम एकच: काहीही बदललंस तर पुन्हा मोज.

बुलेटवाल्या मित्रांना हे नवीन नाही. जुन्या बुलेटच्या पुशरॉडला खालच्या टोकाला ॲडजस्टर असायचा. थंड इंजिनावर रॉड बोटांनी जेमतेम फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. पुढे हायड्रॉलिक टॅपेटची इंजिनं आली आणि ती रविवारची पूजा संपली. २०२० पासून ३५० च्या नव्या इंजिनांत कॅमच वर गेला, पुशरॉडही संपला. सगळीकडे नाही हं! १९९४ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये पेन्स्के संघाने नियमातली पळवाट शोधून खास पुशरॉडचं इंजिन बनवलं आणि शर्यत मारली. नासकारच्या गाड्या आजही पुशरॉडवरच पळतात.

असो. परत पुरचुंडीकडे.

आबा २०१६ मध्ये गेले. ते वाक्य त्यांनी शेवटपर्यंत मागे घेतलं नाही. विहिरीवर आता विजेची मोटर आहे. मी मात्र या दिवाळीत इंजिनाचं झाकण काढलं, आतला जुना रॉड बाहेर काढला आणि पुरचुंडीतल्या नव्याशेजारी काचेवर उभा केला. वर पट्टी धरून फीलर गेजची पानं सरकवली. फरक १.२ मि.मी.

बाबांना दाखवलं. म्हटलं, "बघा, तुमची चूक नव्हती. रॉडच चुकीचे होते."

ते म्हणाले, "मला म्हाईत हाय की. पण मोजायला पायजे होतं ना, टाकायच्या आधी. म्हणून तर ठिवलेत."

पुरचुंडी परत फळीवर ठेवली. सोमवारी ऑफिसात एका लायब्ररीचं व्हर्जन बदलायचं होतं, "फारसा फरक नाही" म्हणत होते सगळे. मी आधी दोन्ही शेजारी ठेवून बघितलं. :-)

भेटू पुढच्या शनिवारी.