कड्यावरची मूळ प्रत

गणेशोत्सवासाठी रजा मंजूर होताच आमच्या कचेरीतील एक जुन्नरकर स्नेही आमच्या टेबलापाशी आले आणि आवाज किंचित खाली आणून म्हणाले, "तुम्हांला त्या मांसल झाडांचा नाद आहे ना? आमच्या शिवनेरीच्या कड्याला एक आहे. जगात दुसरीकडे कोठे मिळत नाही म्हणतात. येताना एक जुडगा उपटून आणू का?" आम्ही तत्काळ होकार दिला नाही, हे खरे, परंतु नकारही दिला नाही. घरी आल्यावर पहिली गोष्ट केली ती ही की, गच्चीतील कुंड्या सरकवून एका नव्या कुंडीपुरती जागा मोकळी केली. माणसाचे मन कोणत्या बाजूस झुकले आहे, हे त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या हातांवरून लवकर कळते.

बेळ्ळंदूरच्या तळ्यापासून फार दूर नसलेल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर आमचे भाड्याचे बिऱ्हाड आहे. बदलीच्या नोकरीत बाग करणे हा एक विनोदच. आंबा लावावा तर त्याला मोहर येईपर्यंत आपली तीन गावे होतात. गुलाब लावावा तर पंधरा दिवसांच्या रजेत तो वाळून जातो. म्हणून आमच्यासारख्यांच्या वाट्याला आपोआप ही झाडे येतात. पाने वा खोड फुगवून त्यांत पाणी साठवणारी, महिनाभर कोणी न विचारले तरी तक्रार न करणारी, आणि ट्रंकेच्या कोपऱ्यात बसून नव्या गावी जाणारी! कोणाची पाने जांभळी, कोणाची कडा तांबडी, कोणी गारगोट्यांसारखे. दोन वर्षांत आमच्याकडे तीसएक कुंड्या झाल्या. परंतु ही मंडळी आपल्या घरात आली कोठून, हा प्रश्न मात्र आम्हांला त्या दिवसापर्यंत पडला नव्हता. स्नेह्यांच्या त्या एका वाक्याने तो पडला, आणि जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम आपल्या घरच्यांचीच चौकशी करू. परसात कोरफड नाही असे मराठी घर पूर्वी क्वचितच असे. भाजल्यावर तिचा गर लावावयाचा, हे आजीकडून नातीकडे आलेले ज्ञान. परंतु ही कोरफड मूळची अरबस्तानची. पान जमिनीवर पडले की त्याच्या कडेला पोरे फुटतात ती पानफुटी मादागास्कर बेटातली. रेल्वेच्या रुळांकडेला भाल्यासारखी उभी असणारी घायपात अमेरिकेतली. आणि ज्याच्या कुंपणावाचून दख्खनच्या शेताचे चित्र पुरे होत नाही, तो फड्या निवडुंगही अमेरिकेतलाच. कोलंबसापूर्वी तो या देशात कोणी पाहिलाही नव्हता. ज्यांना आपण घरचे समजत होतो, ते सारेच पाहुणे निघाले!

या पाहुण्यांपैकी फड्या निवडुंगाची कथा सविस्तर सांगण्याजोगी आहे. मेक्सिकोतील निवडुंगावर एक बारीक कीटक राहतो. तो कापसासारखा पांढरा लव पांघरून बसतो आणि चिरडला की किरमिजी रंग देतो. युरोपातील किमती वस्त्रे या रंगाने रंगत, आणि त्याचा व्यापार स्पेनने आपल्या मुठीत ठेवला होता. ती मूठ सोडवावी, या हेतूने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासचे डॉ. जेम्स अँडरसन यांनी तेथे निवडुंगाची बाग उभी केली. १७९५ साली कॅप्टन नीलसन याने रिओ दि जानेरो येथून कीटक कलकत्त्यास आणले व तेथून ते मद्रासेस गेले. पण आणलेला कीटक अस्सल नव्हे, त्याचा रानटी भाऊबंद निघाला. त्याचा रंग हलका. भूक मात्र दांडगी. त्याने निवडुंगाच्या एका जातीचा दक्षिणेत फडशा पाडला. त्याला न रुचणारी दुसरी जात मागे राहिली, आणि तिने पुढील शंभर वर्षांत माळच्या माळ व्यापले. अखेर १९२६ साली सिलोनहून आणखी एक कीटक आणून सोडला, तेव्हा कोठे तिला आळा बसला. तोवर रसायनशाळेत तयार झालेल्या रंगांनी किरमिजी व्यापाराची सद्दी केव्हाच संपविली होती. रंग मिळाला नाही, काटे मात्र मिळाले. झाड एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे नेणे ही वाटते तितकी साधी गोष्ट नव्हे, हा धडा दख्खनने आपल्या शेतांच्या किमतीवर घेतला.

आता आमच्या सध्याच्या गावाकडे वळू. बंगळूरचा लालबाग १७६० साली हैदर अलीने घातला आणि टिपूने देशोदेशींची रोपे आणवून तो वाढविला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर बाग कंपनीच्या ताब्यात आली व तिची व्यवस्था काही काळ बेंजामिन हाइन या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाकडे होती. या गृहस्थाचे नाव आज लालबागेत फिरणाऱ्यांस ठाऊक नसते; पण मांसल झाडे लावणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवावे असे आहे. त्याने आपल्या पानफुटीचे पान वेगवेगळ्या वेळी चावून पाहिले. सकाळी ते आंबट लागले, दुपारी बेचव, आणि संध्याकाळी किंचित कडवट. ही गोष्ट त्याने १८१३ साली एका पत्रात विलायतेस कळविली. तिचा पूर्ण उलगडा होण्यास पुढे शतकाहून अधिक काळ लागला. ही झाडे दिवसा उन्हात आपली रंध्रे मिटून घेतात, कारण उघडली तर साठविलेले पाणी उडून जाईल. रात्री थंडाव्यात ती उघडतात, हवेतील कर्बवायू आत घेतात व आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतात. दिवसा उजेडात त्याचेच अन्न करतात. म्हणून पहाटेचे पान आंबट! हे कळल्यापासून आम्ही या झाडांना भर दुपारी पाणी घालण्याचे सोडले.

आता जुन्नर. वास्तविक बंगळूर आणि जुन्नर यांच्यामध्ये इतिहासाने केव्हाच पूल बांधलेला आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी बंगळूर जिंकले व ते शहाजीराजांकडे जहागिरीत आले. १६३० साली शिवनेरीवर जन्मलेले शिवराय लहानपणी काही काळ याच शहरात आईवडिलांजवळ राहिले होते. बदलीवर आलेला मराठी माणूस येथे अगदीच परका नाही, हे सांगताना आपण सारेच शहाजीराजांचा दाखला देतो. पण शिवनेरीच्या कड्यावर एक झाडही आहे, हे आपल्यापैकी कितीजणांस माहीत असेल?

त्या झाडाचे गावरान नाव शिंदळ माकुडी. नाव उच्चारताना सभ्य गृहस्थ किंचित अडखळतो. अलीकडे त्याला 'शिवसुमन' असे सोज्ज्वळ नावही मिळाले आहे. शास्त्रीय नाव मात्र फ्रेरिया इंडिका. मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक निकोल अलेक्झांडर डॅल्झेल यांनी १८६० नंतरच्या दशकात त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्या वेळचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे नाव त्याला दिले. मुंबईच्या कोटाचे तट ज्यांच्या कारकिर्दीत पडले, तेच हे फ्रियर. शिवजन्माच्या किल्ल्यावरील झाडाला इंग्रज गव्हर्नरचे नाव! पुढे शास्त्रज्ञांनी त्याचे कूळ दोनतीन वेळा बदलले. १९५८ मध्ये रौली यांनी त्यास कॅरालुमा म्हटले, तर अलीकडे ते बुसेरोसिया या कुळात घातले जाते. तरीही फ्रियरसाहेब नावाच्या शेपटास चिकटून आहेतच. सरकारी कागदावर एकदा चढलेले नाव सहसा उतरत नाही, हे आम्हांस नव्याने सांगावयास नको.

झाड रुईच्या गोत्रातले. बोटाएवढी जाड, मऊ खोडे कड्याच्या फटींतून खाली लोंबतात. त्याच्या जवळच्या आप्तांना नावापुरतीच पाने असतात. याला मात्र खरीखुरी हिरवी पाने येतात व उन्हाळ्यात ती गळून जातात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पंचकोनी चांदणीसारखी फुले येतात, गडद तांबडी, वर पिवळ्या खुणा. वास मनुष्याला आवडणारा नव्हे, कारण निमंत्रण माशांना आहे. या कुळातील फुलांचे पराग सुटे नसतात, बारीक पुड्या बांधलेल्या असतात. माशीच्या अंगाला पुडी अडकून ती दुसऱ्या फुलात नेमक्या खाचेत बसली, तरच शेंग धरते. शेंग उकलली की रुईप्रमाणे रेशमी शेपटीचे बी वाऱ्यावर निघते आणि एखाद्या फटीत, बहुधा निवडुंगाच्या आसऱ्याने, रुजते. शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर, रंधा धबधबा अशा मोजक्या जागा सोडल्या, तर पृथ्वीवर अन्यत्र ते आपणहून उगवत नाही.

आणि गंमत अशी की, जे रानात इतके दुर्मिळ, ते कुंडीत अगदी सोपे. वीतभर फांदी घ्यावी, चार-पाच दिवस सावलीत ठेवून तिचा काप सुकू द्यावा, जाड वाळू आणि खडी मिसळलेल्या मातीत खोचावी, मुळे फुटतात. पाने गळाली की पाणी तोडावे. बंगळुरात आश्विनात पडणाऱ्या परतीच्या पावसापासून मात्र कुंडी जपावी, नाहीतर खोड कुजते. परदेशातील शौकिनांकडे ते कैक वर्षे सुखाने वाढत आहे. मग जुन्नरकर स्नेह्यांनी एक जुडगा आणला तर काय बिघडले? उलट झाडाची जपणूकच नव्हे काय? आम्ही स्वतःशी हाच युक्तिवाद करीत होतो, आणि त्यातील खोट कचेरीत एका फायलीवर 'सत्यप्रत' असा शिक्का मारताना आमच्या ध्यानात आली.

फांदीपासून केलेले रोप हे नवे झाड नसते. ती त्याच झाडाची नक्कल. एका फांदीच्या शंभर कुंड्या झाल्या, तरी त्या एकाच कागदाच्या शंभर प्रती. रोग आला तर साऱ्यांना सारखाच येणार. वेगळेपणा येतो तो दोन झाडांच्या संकरातून धरलेल्या बियांत, आणि त्यासाठी कडा हवा, माशी हवी, शेजारी दुसरे झाड हवे. नकला कितीही असोत, मूळ कागद दप्तरात असेपर्यंतच त्यांना अर्थ. मूळ कागद फाडून त्याची नक्कल घरी जपणाऱ्यास आपण रक्षक म्हणत नाही.

शिवाय, उपटणारे आपण एकटेच नसतो. दक्षिण आफ्रिकेच्या वाळवंटी भागातून २०१९ पासून खड्यांसारखी दिसणारी लक्षावधी झाडे चोरून उपटली गेली. ती परदेशातील गच्च्यांकरिताच होती. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकड्यांवरून अशीच लूट झाली आणि २०२१ मध्ये तेथे त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. चोरी करणारे हात निराळे असतील. पण त्यांना पैसा पुरविणारी हौस आमच्यासारख्या निरुपद्रवी माणसांचीच. आमच्या तीस कुंड्यांपैकी निम्म्या कोठून आल्या, हे विक्रेत्याला आम्ही कधी विचारले नव्हते, हेही येथे कबूल केले पाहिजे.

डोळ्यांदेखत गोष्टी कशा नाहीशा होतात, हे बेळ्ळंदूरच्या रहिवाशांना वेगळे सांगावयास नको. ज्या तळ्याचे पाणी एके काळी भाताच्या खाचरांना मिळे, त्यावर २०१५ मध्ये फेसाचे डोंगर तरंगत होते, आणि २०१७ व २०१८ मध्ये त्याच तळ्यात आगी लागल्या. एवढे सगळे कोणा एकाने केले नाही. प्रत्येकाने थोडे थोडे केले.

त्या रात्री आम्ही स्नेह्यांस चार ओळी लिहिल्या. शिवनेरी हे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक. आपण दोघेही केंद्राचेच नोकर. तेव्हा कृपा करून काही उपटू नये. फक्त फुलले आहे किंवा नाही, एवढे पाहून यावे. रोप हवे झाल्यास ते कुंडीतल्या झाडापासून केलेले, आणि मूळ कोणत्या डोंगराचे याची चिठ्ठी सोबत असलेले, असेच आम्ही घेऊ.

ते परत आले ते रिकाम्या हातांनी, पण प्रसन्न चेहऱ्याने. पायथ्याजवळच्या एका गुराख्याने त्यांना लांबून जागा दाखविली होती. "इतकी वर्षे त्या वाटेने चढलो, पण मान वर करून कधी पाहिलेच नव्हते," ते म्हणाले. "बरेच उंच होते. पाच-सहा लाल ठिपके दिसले."

आमच्या गच्चीतील ती जागा अद्याप मोकळी आहे. चिठ्ठीसह रोप मिळेल तेव्हा ती भरेल. तोवर उरलेल्या कुंड्यांवर प्रत्येक झाडाचे नाव आणि मूळ देश लिहिण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे. पहिली चिठ्ठी कोरफडीची लिहिली : अरबस्तान.