पाण्याचा हिशेब आणि माशाची चरबी

कारखान्याच्या गटाराकडे बोट दाखवून कामगाराने काही विचारले, की साहेबांचे उत्तर ठरलेले : एवढ्या पाण्यात एवढेसे रसायन, त्याने काय होणार? हा हिशेब दिसायला चोख आहे. तो कोठे फसतो, हे कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक सरोवराने दाखवून दिले.

तेथे चिलटे फार. चावत नसत, पण गळ टाकून बसणाऱ्या हौशी मंडळींना त्यांचा जाच होई. म्हणून १९४९ साली डी.डी.टी.चे भावंड डी.डी.डी. पाण्यात सोडले, सात कोटी भाग पाण्याला एक भाग. चिलटे गेली आणि पुन्हा आली. १९५४ व १९५७ साली मात्रा पाच कोटींना एक केली. मग ग्रीब पक्षी, म्हणजे आपल्या टिबुकलीचे थोरले भाईबंद, मरून पडू लागले. रोगजंतू सापडेनात. अखेर चरबी तपासली, तर दहा लाख भागांत १६०० भाग डी.डी.डी.! पाण्यात सोडले होते ते ०.०२. म्हणजे ऐंशी हजार पट. सूक्ष्म जीवांत थोडे, त्यांना खाणाऱ्या माशांत अधिक, माशांना खाणाऱ्या पक्ष्यांत त्याहून अधिक. आणि पाण्यात पाहावे, तर मागमूस नाही!

पण पक्षी मरेपर्यंत थांबायचे काय? १९७४ साली नीली, ब्रॅन्सन व ब्लाऊ यांनी ट्राउट माशांवर ताडून एक सोपा अंदाज मांडला. पाणी आणि ऑक्टॅनॉल हा तेलकट द्रव एकत्र घ्यावा, त्यात रसायन घालून हलवावे, आणि कोणात किती उतरले ते मोजावे. तेलाची ओढ जितकी जास्त, तितके ते माशाच्या अंगात साठते. शाळा मला फारशी लाभली नाही. पण फोडणीत हळदीचा रंग कोणाकडे जातो, हे घरोघरी ठाऊक आहे.

मात्र बाटलीवर सगळा भरवसा नको. काही द्रव्ये शरीर मोडून टाकते; तेथे अंदाज फुगतो. उलट जपानमधील मिनामाताचा मिथिल पारा चरबीत नव्हे, मांसातल्या प्रथिनांना चिकटतो. बाटली त्याला निर्दोष सोडते. तेथे खाडीतले मासे खाऊन मांजरे झटके येऊन मरत होती, कोळ्यांची मुलेमाणसे लुळी पडत होती. चिस्सो कंपनीच्याच रुग्णालयातील डॉ. होसोकावा यांनी १९५९ साली कारखान्याचे सांडपाणी एका मांजराला अन्नातून दिले, आणि त्यालाही तोच आजार जडला. कंपनीने ही गोष्ट दाबली. पारा सोडणारे उत्पादन १९६८ सालच्या मे महिन्यात थांबले. त्याच ऑगस्टमध्ये तेथल्या दोन कामगार संघटनांपैकी एकीने जाहीर केले, की या आजाराविरुद्ध आपण आजवर लढलो नाही, याची आपल्याला लाज वाटते.