विमानाचें डोलणें

फावल्या वेळीं, घराच्या आवारांत चार-सहा वर्षें खपून एखाद्या गृहस्थानें स्वतःच्या हातांनीं विमान बांधावें, ही गोष्ट आपल्याकडे अद्याप नवलाची वाटते. कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर तयार झालेलें सहा आसनांचें विमान २०१६ सालीं मुंबईच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें, तेव्हां त्याची केवढी चर्चा झाली हें श्रोत्यांस आठवत असेल. अमेरिकेंत मात्र तें नवल केव्हांच ओसरलें. तेथें १९५३ सालीं मिलवॉकी शहरांत अशा हौशी विमानकारांचा संघ निघाला; आणि ऑरेगॉन प्रांतांतील व्हॅन्स या एकट्या कारखान्यानें पुरविलेल्या सुट्या भागांतून जोडलेलीं दहा हजारांहून अधिक विमानें आजवर आकाशांत उडालीं आहेत. सरकारचा मुख्य नियम असा कीं, बांधणीचें निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनीं स्वतः, शिक्षणासाठीं अथवा करमणुकीसाठीं, केलेलें असावें.

विमान पुरें झालें, परीक्षेस उतरलें, कीं मालकास पुढची हौस होते ती ऑटोपायलटची, म्हणजे स्वयंचलित सारथ्याची. शेपटीच्या आडव्या पंखास एक हालती फळी असते. ती वर उचलली कीं विमानाचें नाक वर होतें, खालीं केली कीं खालीं. या फळीकडे जाणाऱ्या दांडीस विजेची एक लहानशी मोटर जोडलेली असते; तिला सर्वो म्हणतात. उंची किंवा नाकाचा कल बदलला कीं सर्वोनें फळी योग्य तेवढी हलवावयाची. बटण दाबून मालक हात सोडतो, मांडीवर नकाशा पसरतो, तों नाक किंचित् वर जातें. मग खालीं येतें. मग पहिल्यापेक्षां थोडें अधिक वर जातें. पांच मिनिटांत शेजारीं बसलेल्या गृहिणीच्या पोटांत ढवळूं लागतें. मालकाचा पहिला ग्रह असा होतो कीं सर्वो दुबळा आहे, त्यास अधिक जोर दिला पाहिजे. तो जोर वाढवितो आणि डोलणें दुणावतें.

ही फसगत आजची नव्हे. विमानाच्याही आधीं ती वाफेच्या यंत्रांत दिसली होती. जेम्स वॉटनें १७८८ च्या सुमारास आपल्या एंजिनावर दोन फिरते गोळे बसविले. वेग वाढला कीं गोळे बाहेर फाकत आणि वाफेची झडप आवळीत. वेग मंदावला कीं ते आंत येत आणि झडप मोकळी करीत. युक्ति नामी होती. परंतु कांहीं एंजिनें या नियामकामुळें स्थिर होण्याऐवजीं आळीपाळीनें धांवूं व रेंगाळूं लागलीं. इंग्रज कारागिरांनीं या विकारास जें नांव दिलें त्याचा अर्थ शिकार असा होतो. यंत्र जणूं योग्य वेगाची शिकार करीत फिरतें आणि ती त्यास सांपडत नाहीं! ग्रिनिचचा राजज्योतिषी एअरी यानें आपल्या दुर्बिणीच्या घड्याळी यंत्रांतही हाच प्रकार पाहिला व १८४० सालीं त्याची गणितानें चिकित्सा आरंभिली. पुढें १८६८ सालीं मॅक्सवेल या थोर भौतिकशास्त्रज्ञानें नियामक केव्हां शांत राहील व केव्हां बेफाम होईल याच्या अटीच मांडून दाखविल्या.

या गणिताचें मर्म मात्र न्हाणीघरांत कळण्याजोगें आहे. कारंज्याखालीं उभे असतां पाणी थंड लागलें म्हणून आपण गरम पाण्याची तोटी फिरवितों. नळींतलें गार पाणी संपेपर्यंत कांहींच फरक पडत नाहीं, म्हणून आणखी फिरवितों. मग एकाएकीं चटका बसतो. आपण घाईनें तोटी बंद करतों, आणि क्षणभरानें पुन्हां हुडहुडी भरते. येथें तोटी दुबळी नाहीं. उपाय आणि परिणाम यांच्यामध्यें थोडा काळ जातो, आणि तेवढ्या काळांत आपण गरजेपेक्षां अधिक उपाय करून बसतों. जितका हात जड, तितका झोका मोठा.

आतां राइट बंधूंकडे वळूं. १७ डिसेंबर १९०३ रोजीं किटी हॉक येथील वाळूवर ऑर्व्हिल राइट पहिल्यानें उडाला तो बारा सेकंद आणि एकशें वीस फूट. हा प्रसंग आपण शाळेंत वाचतों. परंतु तें उड्डाण कसें होतें हें पुस्तकांत क्वचितच सांगितलेलें असतें. तें सरळ नव्हतेंच. यंत्र वर उसळे, खालीं झेंप घेई, पुन्हां उसळे. त्यांच्या विमानांत चढउताराचें सुकाणूं शेपटीस नसून पुढें होतें, आणि ऑर्व्हिलनें स्वतःच लिहून ठेविलें आहे कीं तें मध्याच्या फार जवळ तोललेलें असल्यामुळें एकदां वळूं लागलें कीं आपणच अधिक वळे. मग तें एकदां या बाजूस तर एकदां त्या बाजूस गरजेपलीकडे जाई. त्याच दिवशींच्या चौथ्या उड्डाणांत विल्बर एकूणसाठ सेकंद टिकला. आरंभीं यंत्र असेंच हिंदकळलें, मध्यंतरीं हातांत आलें, आणि आठशें फुटांच्या सुमारास पुन्हां डोलूं लागून वाळूंत घुसलें. पुढच्या सुकाणूचा सांगाडा मोडला. मानवाच्या पहिल्या विमानदिनाचा शेवट या डोलण्यानेंच झाला असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

पुढलीं दोन वर्षें हे बंधु डेटन गांवाजवळच्या कुरणांत या दोषाशीं झुंजत होते. १९०४ सालीं त्यांनीं विमानाच्या पुढल्या टोकास सत्तर पौंड लोखंड बांधून पाहिलें. भार पुढें गेला कीं विमान थोडें शांत होई. १४ जुलै १९०५ रोजीं ऑर्व्हिल आदळला, पण सुदैवानें बचावला. मग त्यांनीं पुढचें सुकाणूं मोठें करून पंखांपासून पुष्कळच दूर नेलें. त्यानंतर नाक वश झालें; ५ ऑक्टोबरला विल्बर एकोणचाळीस मिनिटें उडत राहिला व चोवीस मैल फिरला. सुकाणूं किती जोराचें हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच भार कोठें आहे हाही, हें त्यांस असें हाडांनीं कळलें.

याच सुमारास इंग्लंडांत मोटारगाड्या बांधणारा फ्रेडरिक लॅंचेस्टर आपल्या फावल्या वेळीं लहान घसरविमानें सोडून त्यांच्या वाटा न्याहाळीत होता. १९०८ सालच्या ग्रंथांत त्यानें दाखविलें कीं, विमान स्वतःच्या मर्जीवर सोडलें तरी तें लाटेसारखें चालतें. खालीं येतांना उंची देऊन वेग घेतें, वर जातांना वेग देऊन उंची घेतें. सावकाराचा हिशेब कोठेंच बुडत नाहीं. या लाटेस त्यानें ग्रीक धातूवरून ‘फ्यूगॉइड’ असें नांव दिलें. त्यांत एक गंमत आहे. इंग्रजींत उड्डाण व पलायन या दोहोंस एकच शब्द. लॅंचेस्टरनें कोशांतून घेतलेला ग्रीक शब्द नेमका पलायनाचा निघाला, आणि पळपुटें नांव शास्त्रांत कायमचें राहिलें! ताशीं शंभर मैलांच्या विमानांत ही लाट सुमारें वीस सेकंदांची असते. तिच्याखेरीज एखाद-दोन सेकंदांचें दुसरें जलद डोलणेंही असतें, जें निरोगी विमानांत चटकन् विरतें. १९११ सालीं बँगोर येथील गणिताचार्य ब्रायन यांनीं आपल्या ग्रंथांत विमानाच्या स्थैर्याचीं समीकरणें मांडलीं. आजही वैमानिक अभियंते त्याच पायावर हिशेब करतात. ही वीस आणि दोन सेकंदांची गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. शेवटीं तिचें काम पडणार आहे.

विमानानें स्वतःस सांवरावें अशी यंत्रें तेव्हां अनेकजण रचीत होते. खुद्द ऑर्व्हिलनें लंबकाचें व वाऱ्यावर हलणाऱ्या पात्याचें एक यंत्र १९१३ च्या शेवटच्या दिवशीं उडवून दाखविलें आणि त्याबद्दल मानाचा कॉलियर करंडक मिळविला. परंतु कीर्ति गेली ती एका एकवीस वर्षांच्या पोराकडे. लॉरेन्स स्पेरी यानें, भोंवरा गरगर फिरूं लागला कीं आपली दिशा सोडीत नाहीं या गुणाचा उपयोग करून, चार भोंवऱ्यांचें यंत्र आपल्या जलविमानांत बसविलें. १८ जून १९१४ रोजीं पॅरिसजवळ बेझोन्स येथें सीन नदीवर तो परीक्षकांसमोरून दोन्ही हात वर करून उडत गेला. दुसऱ्या फेरीस त्याचा यांत्रिक कॅशां हा पंखावर चालत गेला. एका अंगास माणसाचा भार पडला, तरी यंत्रानें विमान सपाट राखलें. पन्नास हजार फ्रँकांचें बक्षीस त्यास मिळालें. १९२३ च्या डिसेंबरांत हा तरुण आपल्या छोट्या विमानासह इंग्लिश खाडींत बुडाला.

भोंवऱ्यानें चूक अचूक कळली. पण चूक कळल्यावर किती व केव्हां वळावें, हा प्रश्न उरलाच होता. तो सोडविला निकोलस मिनोर्स्की या रशियांतून अमेरिकेस गेलेल्या अभियंत्यानें, आणि तोही जहाजावर. त्यानें कसलेल्या सुकाण्वाचें निरीक्षण केलें. नवशिका जहाज किती वळलें तेवढेंच पाहतो. कसलेला माणूस तें किती वेगानें वळत आहे हेंही पाहतो, आणि तें सरळ होण्यापूर्वींच चाक उलट फिरवूं लागतो. जहाज जुनीच चूक पुनःपुन्हां करीत असेल, तर तीही तो हिशेबांत धरतो. या तिन्ही गोष्टी मिनोर्स्कीनें १९२२ सालीं गणितांत बसविल्या आणि न्यू मेक्सिको या युद्धनौकेवर त्यांची परीक्षा झाली. आजच्या पुष्कळ ऑटोपायलटांच्या पोटांत हाच हिशेब चालतो. १९३३ सालीं वायली पोस्ट स्पेरी यंत्राच्या साहाय्यानें एकटाच पृथ्वीप्रदक्षिणा करून आठ दिवसांच्या आंत परतला; अर्थात् वाटेंत त्या यंत्राच्या दुरुस्तीसाठीं त्यास उतरावेंही लागलें.

मात्र दोष केवळ यंत्राचा असतो असें कोणी समजूं नये. २६ ऑक्टोबर १९७७ रोजीं एंटरप्राइज या अवकाशयानाची उतरण्याची चांचणी चालू होती. वैमानिकाची आज्ञा गणकयंत्रांतून जावयाची, त्यांत सेकंदाचा कांहीं अंश जाई. धांवपट्टीवर टेकतांना यान उसळलें. वैमानिक सांवरूं गेला, आणि त्याच्या सांवरण्यानेंच तें अधिक डोलूं लागलें. हात सैल सोडतांच तें निवळलें.

आतां आपला हौशी मालक. त्यानें पहिलें काम करावें तें ऑटोपायलट बंद करण्याचें. निवांत हवेंत, भरपूर उंचीवर, विमान हातानें समतोल करून सोडावें व घड्याळ पाहावें. वीस सेकंदांची मंद लाट येऊन हळूहळू विरली, तर ती लॅंचेस्टरची लाट आहे. विमान निरोगी आहे. ती वाढतच गेली, किंवा नाक थोड्याशा हातानेंही भलतेंच नाचूं लागलें, तर सामान मागल्या बाजूस फार झालें नाहीं ना तें तोलून पाहावें. राइट बंधूंचें सत्तर पौंड लोखंड येथें आठवावें. हात सोडल्यावर शांत असणारें विमान सर्वो जोडतांच दर दोन सेकंदांस डुचमळूं लागलें, तर जोर अधिक झाला आहे किंवा दांडीच्या सांध्यांत मोकळीक आहे, असा संशय घ्यावा. सर्वो वळतो, पण मोकळीक संपेपर्यंत फळी हलत नाहीं; मग हलते ती जादा.

मंद डोलण्याचें कारण बहुधा उलट असतें. सांधा आवळलेला वा कोरडा असेल, तर सर्वो दाबीत राहतो, फळी चिकटून बसते, आणि अखेर उडी मारल्यासारखी सुटते. असा चिकटेपणा जमिनीवरही सांपडतो. ऑटोपायलट बंद ठेवून विमानाचा दांडा बोटानें अगदीं सावकाश ढकलावा. तो गुळगुळीत न चालतां अडखळत चालला, तर प्रत्येक सांधा सुटा करून पाहावा. बाहेरच्या हवेचा दाब आणणारी बारीक नळी कोठें गळत असेल किंवा तींत पाणी सांचलें असेल, तर उंचीची वार्ता उशिरां पोंचते, आणि आपण न्हाणीघरांतल्या तोटीशीं परत येतों. हें सारें तपासून झाल्यावरच जोराच्या बटणास हात लावावा. तोही आधीं कमी करण्यासाठीं, एकेक पायरीनें, आणि ऑटोपायलट तोडण्याची कळ अंगठ्याखालीं ठेवून. वेगांत असतां फळीचा परिणाम अधिक होतो, म्हणून चढतांना शांत वाटलेली मात्रा सरळ उड्डाणांत जड ठरूं शकते. तेव्हां ती दोन्ही वेळां, पोटांतील इंधन भरलेलें असतां व बरेंच सरलेलें असतांही, पाहून घ्यावी.