आठ आण्यांचं कुत्रं

कुत्र्याला धनी आहे हे दाखवता येणं किती मोलाचं, ते मुंबईला 1832 च्या जूनमध्ये कळलं. मोकाट कुत्री मारायचा सरकारी हुकूम होता, दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम. मग काय! इनामाच्या लोभापायी पकडणारे घरात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. 6 जूनला, नेमका पारशांचा सण असताना, फोर्टात लोक भडकले. शिपायांना मार बसला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद आणि कुलाब्याच्या फौजेचा शिधाही अडला. पारशांच्या अंत्यविधीत प्रेतावर कुत्र्याची नजर पडावी लागते. त्यामुळे तो राग उगीच नव्हता. पुढे 1834 मध्ये अशा जनावरांना आसरा द्यायला भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. त्यात पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाईंचा पुढाकार होता.

कुत्र्याला धनी आहे हे दाखवायची सोय मीही करून ठेवलीय. आमचा कुत्रा मोती फटाक्यांना भितो, घाबरून पळालाच तर सापडावा म्हणून दिवाळीआधीच मी त्याचा पितळी बिल्ला तपासते. भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून त्यावर फोन नंबर कोरून घेतलाय, दोन्ही बाजूंनी. नाव मुद्दाम घातलं नाही; नाव कळलं की कोणीही त्याला हाक मारून नेईल. मानेत तांदळाएवढी चिप आहे, पंधरा आकड्यांची. पण ती वाचायला स्कॅनर लागतो, आणि कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याकडे तो कुठला असायला? बिल्ला मात्र त्यालाही वाचता येतो. शिवाय मागच्या डाव्या पायाचं पांढरं बोट दिसेल असा फोटो मोबाइलमध्ये ठेवलाय, कारण तपकिरी कुत्री आमच्या गल्लीत पैशाला पासरी.