प्रतिष्ठापनेतील विफलता व तिचे मराठी रूप

डेबियन ही संगणकप्रणाली मराठीतून प्रतिष्ठापित करण्याची सोय प्रथम फेब्रुवारी २००९ च्या पाचव्या आवृत्तीत झाली. साध्या अक्षरपटावर जोडाक्षरे नीट उमटत नसल्याने ती चित्रमय प्रतिष्ठापकापुरतीच राहिली. विफलतेचा निर्णय मात्र भाषानिरपेक्ष आहे. प्रत्येक घटकाची आज्ञावली अखेरीस एक अंक परत करते. शून्य म्हणजे यश, अन्य अंक म्हणजे बहुधा अपयश. भाषेचे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते किरकोळ नव्हे. ‘प्रतिष्ठापना फसली’ एवढेच वाचणारा जानेफळचा विद्यार्थी सारे पुसून पुनश्च आरंभ करील. वस्तुतः फसलेली असते एक पायरी. प्रतिष्ठापक मुख्य सूचीतून तेवढीच पुन्हा चालवू देतो. यास्तव आज्ञावली दोनदा चालली तरी बिघाड होऊ नये, असा डेबियनचा दंडक आहे.