‘अंगावरचे’ आणि ‘वरचे’: शिशुपोषणविषयक सल्ल्याचा इतिहास

मराठी घरात तान्ह्या मुलाच्या दुधासंबंधी दोन शब्दप्रयोग रूढ आहेत: ‘अंगावरचे दूध’ आणि ‘वरचे दूध’. यातील ‘वरचे’ हे पहिल्याचे विरोधी पद नव्हे. वरखर्च, वरकमाई, वरकड या शब्दांत जो ‘वर’ आहे तोच येथे आहे. मूळ गोष्ट गृहीत धरून तीत पडलेली भर, एवढाच त्याचा अर्थ. आईचे दूध पुरेनासे वाटले म्हणजे गाईचे किंवा शेळीचे दूध बोंडल्याने पाजीत, आणि अंगावर पाजणेही चालूच राही. दोहोंपैकी एकाची निवड करावयाची, ही कल्पना या भाषेत नाही. ती दुधाच्या डब्याबरोबर प्रसूतिगृहातून आली, आणि निवाडा करणारा डॉक्टरही तिच्यासोबतच आला.

हेन्री नेस्ले याचे शिशुखाद्य १८६७ सालचे. त्याचा प्रसार जाहिरातीने झाला तितकाच वैद्यकाच्या मूक संमतीनेही झाला. अनेक रुग्णालयांत नवजात मूल आईपासून वेगळे ठेवीत व त्यास बाटली देत. घरी जाईपर्यंत आईचा पान्हा आटू लागलेला असे. सिंगापूर येथे डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ साली आपल्या व्याख्यानास ‘दूध आणि हत्या’ अशा अर्थाचे शीर्षक दिले, ते या प्रसाराविरुद्ध. सगळा दोष मात्र डब्यावर टाकता येणार नाही. गाईच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या समाजात बाळंतिणीचा चीक कित्येक घरी पिळून टाकीत व बाळाला मध चाटवीत.

मुंबईपुरते पाहिले तर बदलाचे मुख्य स्थान शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय हे होय. तेथे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातील ती पहिली. ज्या आईचे दूध मिळू शकत नाही तिच्या अशक्त बाळालाही डब्याऐवजी दुसऱ्या मातेचे दूध देता येते, हे तिने दाखविले. १९९१ साली वर्धा येथे स्तनपानाच्या प्रसारासाठी अखिल भारतीय संघटन स्थापन झाले. पुढच्याच वर्षी संसदेने शिशुदुग्धपर्यायांसंबंधीचा कायदा केला व तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला. जागतिक आरोग्य सभेने १९८१ साली ११८ विरुद्ध १ मताने संमत केलेली संहिता त्याच्या मुळाशी आहे. विरोधी मत अमेरिकेचे होते. या कायद्याने डब्यावर बालकाचे वा स्त्रीचे चित्र छापण्यास मनाई केली, आणि ‘ह्यूमनाइज्ड’ व ‘मॅटर्नलाइज्ड’ ही विशेषणेही निषिद्ध ठरविली. विशेषणास बंदी घालणारे कायदे थोडेच असतील. शिवाय डब्यातील दूध आरोग्यसेवकाच्या सल्ल्यानेच वापरावे, असा मजकूर डब्यावर छापणे बंधनकारक झाले.

येथे सर्व भार त्या सल्ल्यावर येऊन पडतो. उपनगराच्या पश्चिम टोकास असलेल्या मढ या कोळ्यांच्या गावी त्याची कसोटी लागते. नावेने खाडी ओलांडून वेसाव्याला उतरणारी कोळीण मासळीची पाटी घेऊन बाजार गाठते. तान्हे मूल सासूपाशी असते. मुंबई इलाख्याचा १९२९ चा प्रसूतिलाभ कायदा गिरणीकामगार स्त्रियांसाठी होता. १९६१ च्या कायद्याने दूध पाजण्यासाठी कामातून दोन वेळा सुट्टी दिली, तीही मालकाकडून. मासेविक्री करणाऱ्या स्त्रीला मालकच नाही. सहा महिने केवळ अंगावरचे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २००१ पासूनचा सल्ला निर्दोष आहे. परंतु ‘कसे’ हे न सांगता दिल्यास तो तिच्या कानी ठपक्यासारखा पडतो. दूध काढून स्वच्छ झाकणाच्या भांड्यात ठेवावे व सासूने वाटी-चमच्याने पाजावे, हा उपाय साधा आहे. पण घरगुती बोलीत ‘दूध पिळून’ यापुढे क्रियापद सहसा ‘टाकणे’ असे येते, ‘ठेवणे’ असे नाही. ते अपरिचित क्रियापद सासूच्या गळी उतरविणे हे परिचारिकेचे काम आहे, आणि एका भेटीत ते होत नाही.

प्रश्न कसा विचारला जातो यावरही पुष्कळसे अवलंबून असते. ‘अंगावर पाजता की डब्याचे?’ असे विचारले असता ‘अंगावर’ हेच उत्तर येणे स्वाभाविक आहे, आणि त्यात लबाडी नाही. डबा घरात असला तरी तो ‘वरचे’ म्हणून उघडलेला असतो; ‘वरचे काही देता का?’ असे कोणी विचारीपर्यंत तो नोंदवहीत येत नाही.